सर्जनशील आयुष्यातील आत्मविश्वास आणि उमेद : मराठवाड्यातील नव्या लेखक-कलावंतांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, नांदेड, लातूर, बीड या भागांतील साहित्यमेळाव्यांत, महाविद्यालयांच्या कार्यशाळांत आणि आमच्या मासिक वाचनबैठकीत नव्याने लिहिणारी, चित्रे काढणारी, नाटक बसवणारी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. वृत्त कसे सांभाळावे किंवा संवाद कसे लिहावेत, हे प्रश्न त्यांत कमीच असतात. बहुतेकांना विचारायचे असते ते एकच, की हे मला जमेल का आणि जमत नसताना टिकून कसे राहावे. माझा वावर लेखनाच्या क्षेत्रात असल्यामुळे उदाहरणे लेखनाची अधिक आली आहेत. चित्रकार आणि रंगकर्मी यांनी त्यांतून आपल्यापुरते घ्यावे.

माझ्यात प्रतिभा आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?

आधी ओळखता येत नाही, आणि ओळखण्याचा हट्टही धरू नये. शालेय वयात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत उत्तम श्रेणी मिळवणारी कितीतरी मुले पुढे कुंचला हातात घेत नाहीत, आणि ज्यांच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते अशी काही माणसे तिशीनंतर लिहू लागतात. स्वतःपुरते पाहण्यासारखे एवढेच आहे, की काम काही दिवस सुटल्यावर तुम्हाला चुकल्यासारखे वाटते का, आणि दुसऱ्याचे चांगले काम पाहिल्यावर ते कसे केले असेल याची चौकशी तुमच्या मनात सुरू होते का. या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर कामाला लागण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

आत्मविश्वासच नाही, मग सुरुवात कशी करावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. बहुतेकांची समजूत अशी असते, की आत्मविश्वास आधी येतो आणि काम त्यामागून. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली 'हे मी करू शकतो' या भावनेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात या भावनेचे चार उगम सांगितले आहेत. पहिला आणि सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः एखादे काम तडीस नेल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणे. तिसरा, विश्वासातल्या व्यक्तीने दिलेले प्रोत्साहन. चौथा, आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था आणि तिचा आपण लावलेला अर्थ. म्हणजे व्यासपीठावर जाण्यापूर्वी छातीत होणारी धडधड ही भीतीची खूण मानायची की तयारीची, हा प्रश्न.

आपल्याकडे नवोदितांना जे काही मिळते ते बहुधा तिसऱ्या प्रकारातले असते. पाठीवर थाप, शाल, श्रीफळ आणि 'लिहीत राहा' असा आशीर्वाद. तो प्रेमाने दिलेला असतो, तरी पुढच्या कोऱ्या पानासमोर त्याचा प्रभाव टिकत नाही, कारण ते पान लिहून पूर्ण केल्याचा पुरावा तुमच्याजवळ नसतो. हा पुरावा तुमचा तुम्हालाच तयार करावा लागतो, आणि त्यासाठी काम लहान पण पूर्ण होणारे निवडावे लागते. पहिल्याच झटक्यात कादंबरीला हात घालणारा तरुण साधारण चाळिसाव्या पानावर थांबतो आणि आपल्याला लिहिताच येत नाही असा निष्कर्ष काढतो. वास्तविक त्याने फक्त चुकीचा आवाका निवडलेला असतो. त्याऐवजी आपल्या गल्लीतल्या एका माणसाचे एका पानाचे व्यक्तिचित्र लिहावे, ते दोनदा सुधारावे, स्वच्छ उतरवून काढावे आणि तारीख घालून बाजूला ठेवावे. अशी आठ-दहा व्यक्तिचित्रे वहीत जमली, की मनातल्या शंकेला दाखवण्यासारखे तुमच्या हातात काहीतरी असते. शंका तेवढ्याने संपत नाही. मात्र ती बोलत असतानाही काम करता येते, हे एकदा कळले की तिचा धाक उरत नाही.

मी लहान गावात राहतो. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होईल का?

अंतराची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मोठी प्रकाशनगृहे, कलादालने, व्यावसायिक नाटकाच्या तालमी, चित्रपटाचे काम हे सारे मुख्यतः तिकडेच आहे. ज्याला अभिनयावर किंवा चित्रपटावर पोट भरायचे आहे त्याला एक ना एक दिवस गाडी पकडावी लागते, आणि मराठवाड्याच्या रंगभूमीवरून ती पकडून गेलेल्यांची परंपराही मोठी आहे. मात्र ती पकडण्यापूर्वी येथे मिळणारे शिक्षण कमी लेखू नये. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा मंगल कार्यालयाच्या गच्चीवर तालीम करताना एकच माणूस प्रकाशयोजना, नेपथ्य आणि दुय्यम भूमिका सांभाळतो. मोठ्या शहरात त्याला यांपैकी एकाच कामाला हात लावता आला असता.

लेखनाचे गणित तर वेगळेच आहे. बी. रघुनाथ यांचा जन्म 1913 साली परभणी जिल्ह्यातल्या सातोना या गावी झाला. निजामी राजवटीत शिक्षण आणि कारभार या दोन्ही ठिकाणी उर्दूचे वर्चस्व होते. अशा वातावरणात परभणीला बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी मराठी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. 7 सप्टेंबर 1953 रोजी कचेरीत काम करत असतानाच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस होते. ना. धों. महानोर कॉलेज अर्ध्यावर सोडून अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याला शेतीवर परतले आणि त्यांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह 1967 साली त्याच शेतातून मराठीत आला. आसाराम लोमटे परभणीत पत्रकारिता करत कथा लिहीत राहिले आणि 2016 साली त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही नावे मी मुद्दाम जवळची घेतली आहेत. बांडुरांनी सांगितलेला दुसरा उगम, म्हणजे आपल्यासारख्या माणसाला काम करताना पाहणे, हा आपल्याकडे सर्वांत दुर्बळ आहे, कारण पाठ्यपुस्तकात भेटणारा लेखक आपल्या तालुक्याचा असू शकतो हे मुलांना कोणी सांगतच नाही. जिंतूरच्या मुलीला जर कळले, की ज्यांचा धडा ती शिकते आहे ते लेखक परभणीच्याच बसस्थानकावर उतरत असत, तर तिच्या मनातला पहिला अडथळा शिक्षकाच्या कोणत्याही भाषणाशिवाय दूर होईल. म्हणून माझा आग्रह असा, की आपल्या जिल्ह्यातल्या किमान तीन लेखकांची किंवा कलावंतांची कामे प्रत्येकाने मुळातून वाचावीत, पाहावीत आणि शक्य असेल तर त्यांना जाऊन भेटावे.

आमच्याकडे लिहिण्यासारखे नवे काय आहे? दुष्काळावर तर सगळ्यांनी लिहून झाले आहे.

दुष्काळावर 'भेगाळलेली जमीन', 'आभाळाकडे लागलेले डोळे' आणि 'कोरडी विहीर' या शब्दांत सगळ्यांनी लिहून झाले आहे, हे खरे. आता त्याच उन्हाळ्यातली एक गल्ली आठवून पाहा. टँकर येण्याच्या आधी दारासमोर निळे प्लॅस्टिकचे ड्रम रांगेने मांडलेले आहेत. प्रत्येकावर ऑइल पेंटने घरमालकाचे नाव लिहिलेले आहे, काहींवर आधीचे नाव खरवडून नवे घातले आहे, आणि एका ड्रमाला साखळी लावून कुलूप घातलेले आहे. टँकरच्या जाड पाइपाखाली ड्रम आधी कोणाचा येणार, यावर दोन जावांमध्ये महिनाभर अबोला आहे. एका ड्रमावरचे नाव वारलेल्या माणसाचे आहे आणि ते कोणी पुसलेले नाही. एवढे पाहिलेला माणूस दुष्काळावर लिहून झाले आहे असे म्हणणार नाही.

विषय संपले असे वाटते तेव्हा बहुधा वाचलेल्या ओळी संपलेल्या असतात. मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगात हात घालून ओल तपासणारा आडत्या, येळवशीच्या दिवशी कडब्याच्या खोपीत बसून आंबील पिणारी आणि शेताच्या वाटणीचा विषय टाळणारी भावंडे, दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरमध्ये दप्तर कोठे ठेवावे या विचारात पडलेले पोर, संभाजीनगरच्या अभ्यासिकेत पाचवे वर्ष काढणारा आणि गावाकडून आलेला फोन न उचलणारा उमेदवार, या सगळ्यांचे आतले तपशील तुम्हाला माहीत आहेत. बाहेरच्या लेखकाला ते मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे येथे राहावे लागेल.

माझी भाषा गावाकडची आहे. शुद्धलेखनही कच्चे आहे. लोक हसतील का?

काही लोक हसतात, आणि त्या हसण्याने अनेक चांगले हात थांबले आहेत याचे मला मनापासून वाईट वाटते. 'काय करूलालास' किंवा 'कामून आला नाहीस' असे बोलणारा मुलगा शहरातल्या वसतिगृहात दोन दिवसांत गप्प होतो आणि पुढे लिहितानाही तो कोणा दुसऱ्याच्याच आवाजात लिहू लागतो. त्याच्या लेखनातला निर्जीवपणा प्रतिभेच्या अभावामुळे आलेला नसतो; त्याची बोली त्याने दाबून टाकलेली असते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. बोली ही तुमची मालमत्ता आहे आणि पात्रांच्या तोंडी, निवेदनाच्या लयीत, म्हणींत ती निर्धास्तपणे यावी. मात्र दाखवण्यासाठी प्रत्येक वाक्यात 'लै' आणि 'कामून' पेरू नयेत. तुमची आजी ज्या प्रसंगी जे वाक्य जसे बोलली असती, तसेच ते कागदावर आले म्हणजे झाले. शुद्धलेखन ही त्याहून अगदी वेगळी बाब आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 साली त्यांत चार नियमांची भर पडली आणि एकूण नियम अठराच आहेत. महिन्याभरात ते समजून घेता येतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करणारा माणूस मिळतो. आजीचे वाक्य दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही.

घरचे म्हणतात, यातून पोट भरते का?

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला प्रामाणिकपणे उत्तर द्यावे. मराठीत केवळ कविता-कथांवर घर चालवणारी माणसे फारच थोडी आहेत. ज्या घराने दोन सलग हंगाम गमावले आहेत, ज्या बापाने मुलाच्या शिकवणीसाठी सावकाराकडून पैसे उचलले आहेत, त्या घरात मुलाने 'मी आता फक्त लिहिणार' असे जाहीर केले तर ते लोक घाबरणार, आणि त्यांची भीती कलेच्या शत्रुत्वातून आलेली नसते.

म्हणून पोटापाण्याचा व्यवसाय आणि कला यांत निवड करण्याची वेळ आली आहे असे समजून भांडण उभे करू नये. शिक्षक, तलाठी, पत्रकार, एसटीचे वाहक, शेतकरी, पोस्टमन असे राहूनच मराठीतला मोठा भाग लिहिला गेला आहे. नोकरी असल्यामुळे लेखनावर पैशाचा दबाव येत नाही, न विकली जाणारी गोष्टही लिहिता येते, हा लाभ लहान नाही. घरच्यांना समजावण्यापेक्षा त्यांना काहीतरी दाखवणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून मुलीचे नाव उच्चारले गेले, तेव्हा तोवर विरोध करणाऱ्या आजोबांनी शेजारच्या आखाड्यावरच्या माणसांना हाक मारून बोलावून घेतल्याचे मी ऐकले आहे. प्रत्येक घरात असे होईलच असे नाही. काही घरे शेवटपर्यंत मानत नाहीत, आणि अशा वेळी त्यांच्या मान्यतेची वाट न पाहता, वाद न घालता, आपले काम चालू ठेवावे लागते.

नोकरी, शेती, परीक्षा यांतून वेळ कसा काढावा?

मोकळा वेळ मिळेल आणि मग लिहीन, हे बहुधा घडत नाही. काम कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी करायचे हे आधी ठरवून ठेवावे. 'रोज लिहीन' यापेक्षा 'दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून अर्धे पान लिहीन' असा संकल्प पाळला जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. शेती करणाऱ्यांनी रोजच्याऐवजी हंगामाचा हिशेब धरावा. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत फक्त टिपणे घ्यावीत, उन्हाळ्यात सलग लिहावे. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत येते तेव्हा मोटार सुरू करून पाळीवर जागणारे अनेक जण मोबाइलवर बोलून टिपणे साठवतात, आणि त्यांतल्या काही टिपणांना पाटाच्या पाण्याचा आवाजही येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मात्र माझे सांगणे वेगळे आहे. परीक्षेपर्यंत लेखन आठवड्यातून एका ठरावीक संध्याकाळपुरते ठेवा आणि ती संध्याकाळ अपराधी न वाटता वापरा. दोन्ही कामांत रोज थोडे थोडे अपयश पदरात घेण्यापेक्षा हे बरे.

मी गृहिणी आहे. दिवसभर कामातून स्वतःचा असा वेळच मिळत नाही. मी काय करावे?

संत जनाबाई गंगाखेडच्या. दळण-कांडण करता करता रचना झाली, ही तिची परंपरा आपल्याच गोदाकाठची आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या अभ्यासकांनी गोळा केल्या, तेव्हा त्या एक लाखाहून अधिक भरल्या. ज्या बायकांना कोणी कवयित्री म्हटले नाही, त्यांनी एवढे रचून ठेवले होते. मात्र हे उदाहरण पुढे करून कोणी तुम्हाला 'मग तुम्हीही कामे करता करता लिहा' असे सांगू लागले, तर ते मान्य करू नका. त्या बायकांकडे हात कामात असताना डोके मोकळे राहील असा पहाटेचा एक प्रहर तरी होता आणि जोडीला दळणारी दुसरी बाई होती. आज मिक्सर, शाळेची रिक्षा, सासऱ्यांची औषधे आणि फोनवरचे गट यांत डोके मोकळे राहत नाही.

त्यामुळे वेळ मागून घ्यावा लागतो, आणि तो मागण्यात स्वार्थ नाही. आमच्या बैठकीला येणाऱ्या एका ताईंनी घरात सांगून ठेवले आहे, की दुपारी तीन ते चार या वेळेत दार लावलेले असेल. सुरुवातीला त्या तासात त्या फक्त बसून राहत. त्यांची पहिली कथा किराणा दुकानाच्या बिलांच्या पाठीवर लिहिलेली होती. एका बाजूला तूरडाळ दोन किलो, तेलाचा पुडा, साबण, आणि दुसऱ्या बाजूला माहेरी गेलेल्या मुलीला रात्री झोप का येत नाही याचे दीड-दीड ओळीत खोडून पुन्हा लिहिलेले वर्णन. ती बिले त्यांनी रबर लावून एकत्र ठेवली होती. वही विकत घेण्याचेही त्यांना सुरुवातीला धाडस झाले नव्हते, कारण वही घेतली म्हणजे आपण लेखिका असल्याचा दावा केल्यासारखे होईल असे त्यांना वाटत होते. हा संकोच मी पुरुषांमध्ये क्वचितच पाहिला आहे. तुम्हालाही तसा वाटत असेल, तर पहिले पाऊल म्हणून वही विकत घ्या आणि तिच्यावर स्वतःचे पूर्ण नाव घाला.

सुरू केलेले काम अर्धवट राहते. त्याचे काय करावे?

अजिंठ्याला गेलात तर पहिल्या आणि सतराव्या लेण्यांतली चित्रे पाहून परत न फिरता चोविसाव्या लेण्यापर्यंत जावे. पूर्ण झाले असते तर चौथ्या लेण्याखालोखाल ते सर्वांत मोठे विहार ठरले असते. पाचव्या शतकाच्या अखेरीस काम थांबले आणि ते तसेच राहिले. खडकात छतापासून खाली कसे उतरत गेले, समांतर चर कसे खोदले, मधल्या भिंती फोडून दालन कसे मोकळे केले आणि खांबांसाठी खडक कोठे राखून ठेवला, हे त्या अर्धवट कामामुळेच आज समजते. पूर्ण झालेल्या लेण्यात छिन्नीच्या या खुणा घासून नाहीशा झालेल्या असतात.

तुमच्या अर्धवट वह्यांकडे त्या दृष्टीने एकदा पाहा. काम नेमके कोठे थांबते याची नोंद करा. प्रत्येक कथा दुसरे पात्र येताच थांबत असेल, तर तुम्हाला संवादाची अडचण आहे. प्रत्येक चित्र चेहऱ्यापाशी थांबत असेल, तर रेखाटनाचा सराव हवा आहे. याला आळस म्हणून स्वतःला दोष देणे सोपे असते आणि निरुपयोगीही. मात्र एकाच वेळी पाच कामे अर्धवट असतील, तर चार कपाटात ठेवून एक पूर्ण करा, ते सामान्य झाले तरी चालेल. पूर्ण करणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते पूर्ण केल्यानेच येते.

स्पर्धेत बक्षीस मिळाले की उत्साह येतो, नाही मिळाले की सगळे सोडून द्यावेसे वाटते. समाजमाध्यमांवरच्या लाइकचेही तसेच होते. असे का?

1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास केला गेला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांच्यातल्या काहींना 'चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल' असे आधी सांगण्यात आले. काही दिवसांनी, आता कोणतेही बक्षीस नाही अशा वेळी, ही मुले इतरांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले होते, त्यांची आवड कमी झाली नव्हती. तेरेसा अमाबिले यांनी 1985 साली 72 तरुण लेखकांवर केलेल्या प्रयोगातही असेच दिसले. पैसा, प्रसिद्धी अशा कारणांचा केवळ काही मिनिटे विचार करायला लावल्यावर त्यांनी लिहिलेल्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या.

यावरून स्पर्धेत भागच घेऊ नये असे मी म्हणत नाही. स्पर्धेमुळे मुदत मिळते, आणि मुदतीमुळे काम पूर्ण होते. तेवढ्यासाठी जरूर भाग घ्यावा. मात्र निकालाच्या दिवशी पुढचे काम आधीच सुरू झालेले असावे. लाइकच्या बाबतीत माझे मत अधिक कठोर आहे. कच्ची कविता लिहिल्या लिहिल्या टाकू नये. पहिल्या पाच मिनिटांत आलेल्या 'वा, क्या बात है' या प्रतिक्रिया मित्रत्वाच्या असतात, कवितेबद्दलच्या नसतात, आणि एकदा ती दाद मिळाली की कवितेवर पुन्हा काम करण्याची इच्छा मरते.

मग लिहिलेले कोणाला दाखवावे? टीका सहन होत नाही.

दोन-तीनच माणसांना दाखवावे, आणि ती वाचणारी असावीत. पदाने मोठी असण्याची गरज नाही. त्यांना 'कसे वाटले' असे विचारू नये, कारण त्यावर 'छान आहे' याशिवाय उत्तर येत नाही. वाचताना कंटाळा कोठे आला, विश्वास कोठे बसला नाही आणि पुन्हा वाचावेसे कोठे वाटले, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ऐकताना खुलासा देऊ नये. लगेच समर्थन करण्याची उबळ येते. ती आली तर समासात टीप करून घ्यावी आणि आठवड्याने पाहावी. जो माणूस तुमच्या कथेवर न बोलता तुमच्या जातीवर, गावावर किंवा शिक्षणावर बोलतो, त्याला मात्र पुन्हा काही दाखवू नये.

संपादकाचा नकार बहुतेक वेळा मौनातूनच येतो. अंक भरलेला असणे, विषय नुकताच येऊन गेलेला असणे, हस्तलिखित पाहिलेच न जाणे अशी अनेक कारणे त्यामागे असतात. दिवाळी अंकांचे काम उन्हाळ्यातच सुरू होते, त्यामुळे सप्टेंबरात पाठवलेली उत्तम कथाही परत येऊ शकते. तीन ठिकाणांहून एकच उणीव कळवली गेली, तर मात्र ती मानावी.

थोडे नाव झाले, पण आपण खरे लेखक नाही आणि एक दिवस उघडे पडू असे वाटत राहते.

या भावनेची मानसशास्त्रात 1978 पासून नोंद आहे आणि ती यशस्वी माणसांतच आढळली होती. पदवी नाही, इंग्रजी येत नाही, पुण्यात ओळखी नाहीत, अशी कारणे आपल्याकडे तिला मिळतात. नरहर कुरुंदकरांना इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आले होते. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि मराठी विचारविश्वाने त्यांना मानले.

वय पन्नाशीच्या पुढे आहे. आता उशीर झाला का?

साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारासाठी पस्तिशीची अट असते, तेवढा एक अपवाद सोडला तर उशीर झालेला नाही. निवृत्तीनंतर लिहिणाऱ्यांकडे सामग्री भरपूर असते, तिची निवड करणे तेवढे अवघड जाते. जन्मापासून निवृत्तीपर्यंतचे आत्मचरित्र लिहिण्याऐवजी 1972 च्या दुष्काळातले सुकडीचे दिवस किंवा 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरचा एक आठवडा, एवढ्यावरच आधी लिहून पाहावे.

काहीच करावेसे वाटत नाही. लिहिणेच नव्हे, जेवणे-बोलणेही नकोसे झाले आहे.

हा उमेदीचा किंवा शिस्तीचा प्रश्न नाही, आणि कोणी तुम्हाला 'मन रमव, लिहीत जा' असे सांगितले तरी तेवढ्यावर थांबू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि इच्छा गेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरातल्या एका माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक नि:शुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. दुःख असल्याशिवाय कला जमत नाही, ही समजूत मी अनेक तरुणांच्या तोंडी ऐकली आहे आणि ती घातक आहे. बरे वाटू लागल्यावर लेखन परत येते, आणि यायला वेळ लागला तरी चालते.

एक प्रकाशक पैसे भरल्यास पुस्तक काढून देतो म्हणतो. काढावे का?

घाई करू नये. कर्ज काढून किंवा बायकोचे दागिने मोडून तर मुळीच काढू नये. स्वखर्चाने पुस्तक काढणे गैर नाही, पण पाचशे प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली राहिले की त्यांच्याकडे पाहून पुढचे लिहिण्याची हिंमत खचते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आधी कथा-कविता नियतकालिकांत येऊ द्याव्यात; मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' आपल्याजवळच आहे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्याकडे हस्तलिखित पाठवता येते आणि ते तज्ज्ञांकडून वाचले जाते. तरीही स्वखर्चानेच काढायचे ठरले, तर प्रतींची संख्या, कागद, वितरण कोण करणार आणि न विकलेल्या प्रती कोणाच्या, हे लेखी करारात घ्यावे. लेखनावरचा हक्क 1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे टिकतो, म्हणून तो कायमचा लिहून देण्याचे कलम करारात असेल तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे. पहिल्यांदा शंभर-दीडशे प्रतीच छापाव्यात, आणि त्यांतल्या काही आपल्या तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना स्वतः नेऊन द्याव्यात.